बिल कार्यालय भरते, राख आपण झाडतो



तहसील असो की जिल्हा परिषद, वनविभाग, बँक, शाळा, दवाखाना, वेकोलिचे ऑफिस किंवा एखादी खासगी कचेरी, आपण कुठेही काम करत असलो तरी ही विनंती चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या सर्व नोकरदार बंधू-भगिनींना सारखीच आहे. कामाच्या ठिकाणची वीज वाचवू या.

घरी आपण वाचवतोच. मुलगा पंखा चालू ठेवून बाहेर गेला तर आपण त्याला हाक मारून परत बोलावतो. कार्यालयात मात्र चार रिकाम्या खुर्च्यांवर चार पंखे फिरत असतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, कारण बिल आपल्या नावावर येत नाही. पण आपण ज्या मुलखात राहतो, तिथे विजेची सगळी किंमत बिलावर छापून येत नाही. उरलेली किंमत हवेत, पाण्यात आणि जंगलात वसूल होते आणि ती आपल्याच घरातून जाते. म्हणून वीज वाचवण्याचे कारण पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त जवळचे आहे.

वीज येते कुठून

चंद्रपूर शहराला लागून असलेल्या ऊर्जानगरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात १९८३ पासून वीज तयार होते. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता मोडीत निघाले आणि २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे दोन नवे संच सुरू झाले. आज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांत हे सर्वांत मोठे. सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार टन कोळसा लागतो. तो वेकोलिच्या दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी अशा आसपासच्या खाणींतून येतो आणि पाणी इरई धरणातून. १९९९ पासून चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी गेली आहे. वीज तिकडे जाते, धूर आणि राख इथेच राहते.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अति प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली. त्या यादीत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. पुढच्याच वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, इरई धरणातले पाणी इतके खाली गेले की वीज केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली. ज्या धरणावर वीज केंद्र चालते, त्याच धरणाकडे चंद्रपूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी बघते.

एका युनिटचा हिशेब बघू. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज जळते. हे एक युनिट तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, कोळसा हलक्या प्रतीचा असला तर त्याहून जास्त. आपल्याकडच्या कोळशात ३५ ते ४० टक्के राख असते, म्हणजे युनिटमागे पाव किलो राख. यातली बरीच राख यंत्रांत अडवली जाते, काही सिमेंटला आणि विटांना जाते, पण ती आधी तयार होते ती आपल्याच शेजारी. जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मर्यादा घातली आहे.

आता हा हिशेब आपल्या कार्यालयाला लावा. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला कुलूप लागले की ते सोमवारी पावणेदहाला उघडते. मध्ये साडेत्रेसष्ट तास जातात. चालू पण रिकामा बसलेला एक डेस्कटॉप संगणक पन्नास-साठ वॉट ओढत राहतो. असे दहा संगणक चालू राहिले तर सोमवार सकाळपर्यंत तीसहून अधिक युनिट जळतात. म्हणजे बावीस-तेवीस किलो कोळसा, आठेक किलो राख आणि सात-आठ बादल्या पाणी. या काळात त्या संगणकांवर एक ओळही टाइप झालेली नसते. हे झाले एका कार्यालयाचे एका आठवड्याचे. दोन्ही जिल्ह्यांतल्या कार्यालयांचा आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा गुणाकार वाचकांनी स्वतः करावा.

आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. आपल्याकडचा बराच कोळसा जंगलाखाली आहे. ताडोबाच्या शेजारी लोहारा इथे कोळसा खाण येणार होती. चंद्रपूरच्या लोकांनी विरोध केला आणि २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ती थांबवली. एक खाण थांबली, पण विजेची मागणी वाढत राहिली तर दुसऱ्या खाणीचा प्रस्ताव येतच राहणार. ताडोबाच्या वाघाचा फोटो आपण कौतुकाने पाहुण्यांना दाखवतो. त्या वाघाचे जंगल राखण्यात आपल्या टेबलाजवळच्या बटणाचाही वाटा आहे.

हे आवाहन खाणीत किंवा वीज केंद्रात घाम गाळणाऱ्यांच्या विरोधात नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरची चूल त्याच पगारावर पेटते. त्यांच्या कष्टाने तयार झालेली वीज रिकाम्या खोलीत उधळणे हाच त्यांचा खरा अनादर आहे.

गडचिरोलीकरांसाठी वेगळे चार शब्द

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. इथे वीज पोहोचवणे हेच मोठे काम. तारा जंगलातून मैलोन्‌मैल जातात, वादळात झाड पडले की तालुक्याचा तालुका अंधारात जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि लाइनमनलाही पलीकडे जाता येत नाही. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीची कितीतरी वर्षे तिथे विजेविना रुग्ण तपासले. विजेची किंमत या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

तालुक्याच्या गावी ज्या डीपीवर आपले कार्यालय आहे, त्याच डीपीवर पुष्कळदा आसपासची घरेही असतात. संध्याकाळी घराघरात दिवे लागतात तेव्हा डीपीवरचा भार वाढतो, दाब उतरतो आणि टोकाच्या घरातला दिवा मिणमिणतो. त्या वेळी कार्यालयात विनाकारण चालू असलेला एसी आणि पंखे त्या घराच्या वाट्याची वीज खात असतात. त्याच घरात दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असू शकते.

दोन शंका

पहिली शंका हमखास निघते. सिमेंटचे कारखाने आहेत, पेपर मिल आहे, स्पंज आयर्न आहे. तिथे मेगावॉटने वीज जाते, मग आमच्या पंख्याने काय फरक पडणार? कारखाने जास्त वीज वापरतात हे खरेच आहे. पण सिमेंट, कागद, पोलाद आणि औष्णिक वीज या क्षेत्रांतल्या मोठ्या उद्योगांना २०१२ पासून केंद्राच्या योजनेखाली ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून दिले जाते. ते गाठले नाही तर त्यांना भुर्दंड पडतो. आपल्या टेबलावर असे लक्ष्य कुणी ठेवलेले नाही, ते आपणच ठेवायचे आहे.

दुसरी शंका जाणकार मंडळी काढतात. आपण इथे बटण बंद केले म्हणून चंद्रपूरच्याच संचाचा कोळसा कमी होईल असे थोडेच आहे? तसे नक्की सांगता येत नाही, हे मान्य. कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र क्षणाक्षणाला ठरवते. पण मागणी उतरली की कुठे तरी, कुठल्या तरी संचाची निर्मिती उतरतेच. तो संच कोराडीचा असेल, परळीचा असेल किंवा आपला. तिथेही माणसेच राहतात. शिवाय सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि मागणी मात्र चढते, त्यामुळे संध्याकाळी वाचवलेल्या युनिटचे मोल अधिक आहे.

काय करायचे

मोबाइलचा चार्जर काढून ठेवला तर चांगलेच, पण त्यात फारसे काही वाचत नाही. जिथे वीज जास्त जाते तिथून सुरुवात करा.

सर्वांत आधी एसी. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास वीज घेतो. १८ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. साध्या एसीची गार करण्याची गती तेवढीच असते, तो फक्त जास्त वेळ चालत राहतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. एसी २४ ते २६ वर ठेवा, जोडीला पंखा हळू चालवा, दार-खिडकी बंद ठेवा आणि जाळी दर महिन्याला धुवा. साहेब यायच्या तासभर आधी केबिन गार करून ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. साहेबांनीच एकदा सांगितले की ‘मी आल्यावर लावत जा’, तर ही पद्धत त्याच दिवशी बंद पडेल.

मग कूलर. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, पण कूलर लावायची रीत चुकली तर वीजही जाते आणि गारवाही मिळत नाही. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. तो खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा आणि समोरची एक खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवा. बंद खोलीच्या आत ठेवलेला कूलर तासाभरात नुसती दमट हवा फिरवू लागतो. ताट्या दरवर्षी बदला. पाणी भरताना आधी बटण बंद करून प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. कूलरच्या शॉकने आपल्याकडे माणसे दगावतात, म्हणून ही काळजी बचतीच्या आधी येते.

तिसरे, पंखे आणि दिवे. जुना छताचा पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. जुनी ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर जाते, एलईडी ट्यूब वीस वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. सगळे एकदम बदलायला निधी नसतो, पण जे बिघडेल त्याच्या जागी नवे चांगल्या प्रतीचेच घ्यायचे, हे खरेदीच्या टिपणीत लिहून घेता येते.

एकही पैसा न लागणारे काम मात्र आजच करता येईल. आपल्या खोलीतल्या खिडक्या पाहा. अनेक जुन्या कार्यालयांत खिडकीला पाठ लावून लोखंडी कपाट उभे असते, कपाटावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छताला टेकलेले असतात आणि बाहेर मे महिन्याचे डोळे दिपवणारे ऊन असताना आत भर दुपारी ट्यूबलाइट जळत असते. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवा. काच पुसा. टेबल खिडकीच्या बाजूला घ्या. निम्मे दिवे दिवसभर लागणारच नाहीत.

बटणांच्या बोर्डाचेही तसेच. एका बोर्डावर बारा बटणे असतात आणि कोणते कशाचे हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून एक पंखा लावायला सगळी बटणे दाबली जातात. प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवून लिहा: ‘खिडकीजवळचा पंखा’, ‘मधली ट्यूब’, ‘व्हरांडा’. अर्ध्या तासाचे हे काम वर्षभर वीज वाचवते.

संगणकाचे म्हणाल तर जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन बंद करा, निघताना संगणक पूर्ण बंद करून पाठीमागचे मुख्य बटणही बंद करा. प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन लागेल तेव्हाच चालू करा. टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहत असते आणि मोटार चालूच, हे दृश्य ज्या कार्यालयात दिसते तिथे साधा फ्लोट लावून घ्या. वीज आणि पाणी दोन्ही वाचतील. स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात मारला तर खालच्या खोल्या कमी तापतात.

काय करायचे नाही

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा दुपारी कूलर बंद करून कुणाला घामाघूम बसवणे ही बचत नव्हे. कामाला आलेली म्हातारी आजी, गरोदर सहकारी, उन्हातून फेरी करून आलेला वनरक्षक यांना गारवा मिळालाच पाहिजे. उष्माघाताशी खेळू नका. बंद करायची आहे ती रिकाम्या खोलीतली वीज.

दुसरे, जंगलालगतच्या कार्यालयांतले आणि वसाहतींतले वाटेवरचे दिवे बचतीच्या नावाखाली मालवू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. संडासाकडे जाणारी वाट, सायकल स्टँड, फाटक इथे रात्री उजेड हवाच. तिथे एलईडी लावा, अंधार करू नका. दवाखान्यातला लसींचा फ्रीज, सर्व्हर, वायरलेस संच यांनाही हात लावायचा नाही. सुट्टीत मुख्य स्विच बंद करण्याआधी या गोष्टी वेगळ्या लाइनवर आहेत ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

तिसरे, हे सगळे शिपाईदादांच्या आणि सफाईवाल्या ताईंच्या गळ्यात टाकू नका. बटण ज्याने दाबले, त्यानेच ते बंद करायचे. साहेबांनाही हाच नियम.

सगळ्यांनी मिळून

वरून आलेले परिपत्रक फलकावर लागते आणि पिवळे पडते. सर्वांनी बसून ठरवलेली गोष्ट टिकते. याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्या गावाची रीत अशी की निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. पटेपर्यंत चर्चा चालते, आणि एकदा ठरले की राखायची जबाबदारी प्रत्येकाची. जंगल राखायला हीच रीत उपयोगी पडली. एका कार्यालयाचे दिवे-पंखे राखायला ती नक्कीच पुरेल.

विजेच्या बाबतीतही महाराष्ट्राने असे केलेले आहे. भारनियमनाच्या त्या कठीण वर्षांत महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली होती. गावाने संध्याकाळी मोटारी आणि गिरण्या आपणहून बंद ठेवायच्या, तारांवरचे आकडे काढायचे, आणि त्या बदल्यात संध्याकाळचे भारनियमन टळायचे. ज्या गावांनी शब्द पाळला, त्यांच्या घरात दिवे लागले. गाव ठरवू शकते, मग वीस-पंचवीस जणांचे कार्यालय का नाही?

म्हणून प्रत्येक कार्यालयात महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे बसा. शेवटी निघणाऱ्याची पाळी ठरवा आणि त्यात सर्वांची नावे घाला, अधिकाऱ्यांचीसुद्धा. सूचनेची पेटी ठेवण्यापेक्षा सूचना तोंडावर मागा, कारण कोणता दिवा विनाकारण जळतो हे त्याखाली बसणाऱ्यालाच ठाऊक असते. कुणी विसरले तर चारचौघांत नाव घेऊन अपमान करू नका, बटण बंद करा आणि दुसऱ्या दिवशी हसून सांगा. वर्षभराच्या बचतीचा आकडा १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, सर्वांसमोर वाचून दाखवा.

सुरुवात येत्या शुक्रवारपासून करा. कुलूप लावताना मीटरचा आकडा लिहून घ्या. सोमवारी कुलूप उघडताना पुन्हा लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे माणूस नसताना आपल्या कार्यालयाने जाळलेली वीज. तो आकडा खडूने फळ्यावर लिहा, तारखेसकट. पुढच्या शुक्रवारी तो कमी करून दाखवा, आणि कमी झाला की शेजारच्या कार्यालयाला जाऊन सांगा.